बटण परत आले, गिअरचा दांडा गेला

व्यापारात गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एकाला माल पसंत पडला नाही तर तो काही न बोलता पायऱ्या उतरतो आणि पुन्हा दिसत नाही. दुसरा घडी उलगडून दोष दाखवतो, हुज्जत घालतो, वर्षानुवर्षे तीच तक्रार करतो आणि खरेदी मात्र आपल्याच दुकानात करतो. या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे एका मोठ्या कारखानदाराने काही वर्षे कानाडोळा केला व त्याची किंमतही मोजली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या 'गोल्फ जीटीआय' या मोटारीची ही हकिकत आहे. मोटारींशी आमचा संबंध गाठोडी पोचविण्यापुरताच. परंतु या हकिकतीत इंजिनाइतकाच कापडाचाही वाटा असल्याने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोल्फ ही मूळची घरगुती वापराची आटोपशीर गाडी. मागचे दार वर उघडते, सामान राहते, चार माणसे बसतात. अशाच गाडीत तगडे इंजिन घातले, बूड घट्ट केले, तर नोकरदार माणसालाही शर्यतीच्या गाडीची थोडी मजा मिळेल, या विचाराने जीटीआय तयार झाली. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती मांडली गेली व १९७६ साली विक्रीस आली. ११० अश्वशक्ती आणि वजन सव्वाआठशे किलोच्या आतबाहेर. कंपनीचा अंदाज होता की पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ झाले. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या! मालधन्यापेक्षा बाजाराला मालाची पारख अधिक असते, ती अशी.

आता कापडाविषयी. या गाडीच्या सीटला पहिल्यापासून चौकटीचे कापड आहे. ते सुचविले गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी. त्या आधी चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवीत, १९६४ साली कंपनीत आल्या आणि कापड व रंग यांच्या खात्यात काम करू लागल्या. इंग्लंडच्या प्रवासात पाहिलेल्या चौकटीच्या उंची कापडांवरून त्यांना ही कल्पना सुचली. गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ बसविण्याची कल्पनाही त्यांचीच. शर्यतीच्या गाडीत घरगुती चौकट! ऐकताना विजोड वाटते; पण आज पन्नास वर्षांनी शौकीन लोक गाडी ओळखतात ती या चौकटीवरून.

कापडवाल्याला यातील मेख लगेच कळेल. चौकट छापून उठविलेली वेगळी आणि रंगविलेल्या सुताची विणलेली वेगळी. विणलेल्या चौकटीत ताण्याचा व बाण्याचा रंगक्रम बरोबर जुळावा लागतो, आणि सीट शिवताना जोडावर चौकटीची रेघ सरकली तर दहा फुटांवरून चूक दिसते. शिवाय सीटचे कापड रोज घासले जाते, उन्हात तापते, घाम पिते. म्हणूनच अशा कापडाला यंत्रावर हजारो वेळा घासून पाहतात. इतके करूनही कापडाला चामड्यापेक्षा हलका दर्जा समजण्याची रीत पडली आहे. अमेरिकेत जीटीआयच्या सर्वांत महाग प्रकारात चामड्याची सीट मिळते. शौकिनांची तक्रार आहे ती हीच, की जादा पैसे मोजले म्हणजे चौकट हातची जाते. वळणावर अंग घसरत नाही, उन्हाळ्यात पाठ भाजत नाही, तर मग चौकट वरच्या मालात का नको? आम्हांला तर ही मागणी सोळा आणे रास्त वाटते.

तथापि खरी बोंब झाली ती बटणांवरून. आठव्या पिढीची गोल्फ २०१९ च्या अखेरीस आली व तिची जीटीआय २०२० साली. कंपनीने बटणे जवळजवळ काढूनच टाकली. गारवा कमी-जास्त करणे, रेडिओचा आवाज वाढविणे यासाठी पडद्याखाली बोट सरकविण्याची एक पट्टी दिली. या पट्टीत दिवा नव्हता, म्हणजे रात्री चाचपडत बसावे! स्टिअरिंगवरही दाबाची बटणे जाऊन स्पर्शाची आली. जोरात वळण घेताना तळहात लागला की नको ते काम सुरू होई. संगणकाच्या आज्ञावलीतही खोट होती. आपत्कालीन मदतीच्या यंत्रणेतील दोषामुळे मे २०२० मध्ये गोल्फचे वाटपच थांबवावे लागले होते.

बटण म्हटले की साचा आला, तार आली, जोडणाऱ्या कामगाराचा वेळ आला. सगळे पडद्यावर टाकले की तो खर्च वाचतो आणि गाडी आधुनिकही दिसते. कारखानदाराचा हिशेब असा. गाडी चालविणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार साधी कामे करावयाची. २००५ सालच्या बटणांच्या जुन्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली. पडद्यावर चालणाऱ्या एका नव्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेली होती! ज्याची नजर सव्वा किलोमीटर रस्त्यावर धड नाही, त्याच्यापुढे एखादे मूल आडवे आले तर काय, हा प्रश्न नुसत्या शौकाचा राहत नाही. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा कामांसाठी हाताला लागणारी बटणे वा दांडे असण्याला गुण देण्याचे ठरविले.

२०२२ साली थॉमस शेफर हे फोक्सवॅगनचे प्रमुख झाले. जुने, इमानी गिऱ्हाईक या स्पर्शाच्या प्रकरणाने दुखावले गेले व मोठे नुकसान झाले, हे त्यांनी उघड कबूल केले. मोठ्या पेढीच्या मालकाने असे बोलायला हिंमत लागते. मात्र तोवर तीन-चार वर्षे लोक आपल्याच गाडीला शिव्या देत होते, हेही विसरता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेली जीटीआय आली तेव्हा स्टिअरिंगवर खरी बटणे परतली, पडदा मोठा व चपळ झाला, शक्ती २४५ वरून २६५ अश्वशक्ती झाली. पडद्याखालच्या पट्टीत दिवा लागला. पट्टी मात्र तशीच राहिली. मागितले बटण, मिळाला दिवा!

आणि एका हाताने देताना दुसऱ्या हाताने काढून घेतले. याच सुधारणेत पायाचा क्लच व हाताचा गिअर बंद झाला. आता केवळ आपोआप गिअर बदलणारी गाडी. युरोपातील प्रदूषणाच्या कडक होत जाणाऱ्या नियमांचे कारण कंपनीने पुढे केले. आपोआप गिअरची गाडी शंभरचा वेग लवकर गाठते, हे शौकिनांना ठाऊक आहे. त्यांना हाताने काम करण्याची मजा हवी आहे. हातमागावर बसलेल्या विणकराला यंत्रमागाचे मीटर मोजून दाखविण्यात जसा अर्थ नाही, तसेच हे. होंडाने २०२२ साली आपली सिव्हिक टाइप आर केवळ हाताच्या गिअरवर आणली होती, तेव्हा असे गिऱ्हाईक मुळीच उरले नाही असेही म्हणता येत नाही. चेंडूची ती मूठ मात्र आता ठेवायला जागा नाही.

वजनाची तक्रार जुनीच आहे. सव्वाआठशे किलोंची गाडी वाढत वाढत साडेचौदाशेच्या घरात गेली. सुरक्षिततेची साधने, गारव्याची यंत्रणा, सगळे आले. शौकीनही ते सोडायला तयार नाहीत, तेव्हा ही तक्रार आम्ही अर्धीच मानतो. इंजिनाचा आवाज काही अंशी आत कृत्रिमपणे वाढवून ऐकविला जातो, ही तक्रार मात्र पुरती मानतो. मिश्र सुताला शुद्ध रेशीम म्हणून विकण्यासारखेच ते झाले.

महाराष्ट्राशीही या घराण्याचा संबंध आला आहे. पुण्याजवळ चाकणला याच कंपनीची पोलो २०२२ पर्यंत बनत होती. २०१३ साली तिचा वेगवान जीटी टीएसआय प्रकार आला तो फक्त आपोआप गिअरमध्ये, आणि आपल्याकडच्या शौकिनांनीही तेव्हा हाताचा गिअर मागितला होता. गोल्फ जीटीआय भारतात मे २०२५ मध्ये आली ती परदेशातून तयार होऊन, किंमत सुमारे ५३ लाख. पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर होण्यापूर्वीच बोलल्या गेल्या. त्यांत स्टिअरिंगवर दाबाची बटणे आहेत, सीटला चौकटीचे कापड आहे, क्लच नाही, आणि गारवा वाढवायचा तर बोट त्या पट्टीवरूनच सरकवावे लागते.