कोंबडी खुडूक बसली! अंडी मिळवायची की पिल्लं काढायची?

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्या कोंबड्या बाहेर पळतात. एक मात्र टोपलीतच बसून राहते. जवळ हात नेला तर पिसं फुलवते, चोच मारते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात काय किंवा इतर कुठल्याही गावात काय, घरातल्या बाईला लगेच कळतं: कोंबडी खुडूक बसली.

आता पुढचे काही आठवडे अंडी बंद. मग तिला उठवायचं की बसू द्यायचं?

खुडूक म्हणजे नेमकं काय?

हा आजार नाही. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि ती उबवायला बसते. पिल्लं बाहेर यायला २१ दिवस लागतात. पुढे पिल्लं सांभाळण्यातही बरेच आठवडे जातात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडीच देते, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

मग जास्त अंडी देणारी जात आणली तर?

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जाती विकसित केल्या. चांगली निगा राखली तर ग्रामप्रिया वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत.

पण मग पिल्लं उबवणार कोण? नवी पिल्लं विकत आणावी लागतात. घरीच पैदास केली तर पुढच्या पिढीत अंड्यांचं प्रमाण घटतं. शिवाय नुसत्या किड्यामुंग्यांवर आणि उरल्यासुरल्या अन्नावर एवढी अंडी मिळत नाहीत, वरून खाद्य द्यावं लागतं.

अकोल्याला हा प्रश्न नवा नाही. इथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. गावरान बियाणं घरात राहतं, संकरित दरवेळी विकत आणावं लागतं. कोंबडीचंही तसंच आहे.

बसवायची असेल तर

- कळपात कोंबडा हवा. कोंबड्याशिवायही अंडी मिळतात, पण त्यातून पिल्लं निघत नाहीत.
- आठवड्याच्या आतली १० ते १२ अंडी ठेवा.
- सातव्या दिवशी अंधारात अंड्याला मोबाइलचा टॉर्च लावून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू वाढतंय.
- पिल्लांना मानमोडीची (राणीखेत) लस वेळेवर द्या. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, त्यामुळे चार घरांनी मिळून लस आणणं परवडतं.

निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मे कोंबडे असतात, हेही लक्षात ठेवा. ते सगळे ठेवता येत नाहीत. बाजार किंवा घरातलं कालवण, हे आधीच ठरवलेलं बरं.

उठवायची असेल तर

टोपली काढून घ्या. कोंबडीला काही दिवस हवेशीर, उजेडाच्या जागी, खाली गवत किंवा भुसा न टाकता ठेवा. दाणापाणी चालू ठेवा. तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं असे जुने उपाय टाळा, त्याने तिला नुसता त्रास होतो.

मधला मार्ग आहे का?

आहे. अंड्यांसाठी दोन-चार सुधारित जातीच्या कोंबड्या आणि उबवायला एक-दोन गावठी, असा कळप ठेवता येतो. गावठी कोंबडी दुसरीची अंडीही तितक्याच मायेने उबवते.

इथेच म्हाताऱ्या कोंबडीचाही हिशेब बदलतो. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी झाली की तिला विकायची की कापायची, असा विषय घरात निघतो. परसातल्या अंड्यांचे पैसे बहुतेकदा घरातल्या बाईच्या हातात येतात, त्यामुळे हा निर्णयही तिचाच असायला हवा. विकण्याआधी एवढंच बघा: कमी अंडी देणारी ती कोंबडी अजून खुडूक बसत असेल आणि पिल्लं नीट सांभाळत असेल, तर पुढचा कळप तिच्याच पंखाखालून येणार आहे.