दोन रामदासपेठा, एकच पत्ता

रामदासपेठ नागपुरात आहे, तशी अकोल्यातही आहे. विदर्भातल्या वस्त्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर दोन्हींची पाने केली, की पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, दोन्हीकडे ‘रामदासपेठ’ असाच होतो. एका पत्त्यावर दोन पाने राहू शकत नाहीत, म्हणून संकेतस्थळ चालवणारी वर्डप्रेस ही प्रणाली दुसऱ्याला आपोआप ‘-२’ जोडते. काम तर भागले, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. पण हा आकडा पान कोणत्या गावचे ते सांगत नाही. कोणते आधी जतन झाले एवढेच सांगतो. स्लगमध्येच ‘नागपूर’ किंवा ‘अकोला’ घातले, तर दुवा उघडण्याआधीच वाचकाला खूण पटते.

मराठी स्लगची अडचण याहून खोल आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या संगणकीय अक्षर-संकेतनात ३ बाइट घेते आणि पत्त्यात त्याची ९ अक्षरे होतात. वर्डप्रेसमध्ये स्लगची मर्यादा २०० अक्षरांची. ‘नागपूरच्या रामदासपेठेतील’ हे दोन शब्दही त्यात मावत नाहीत. शेवटचा ‘ल’ गळतो. म्हणजे या शब्दांनी सुरू होणारी सगळी शीर्षके, पुढे काहीही असो, एकाच स्लगवर येऊन आदळतात. नुसता पानाचा क्रमांक वापरणे बिनचूक खरे, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा स्लग हाताने लिहा, छोटा ठेवा आणि वेगळेपण दाखवणारा शब्द आधी घाला. प्रसिद्ध झालेला स्लग बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ क्रमांकाची कायमची वळवणी ठेवा. जुने दुवे लोकांनी एकमेकांना पाठवलेले असतात.