शेजारचं झाड आणि आपला उजेड

शेजारचा आंबा फोफावत खिडकीवर आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "उजेड हा माझा हक्क आहे." हे अर्धंच खरं.

1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे घराच्या खिडकीतून सलग वीस वर्षं बिनतक्रार येणारा उजेड हा हक्क ठरतो. अडवणारी जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं लागतात. पण उजेड कमी झाला एवढ्यावर भागत नाही. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय स्वयंपाकघरात तांदूळ निवडता येत नाहीत, ही तक्रार कोर्ट ऐकेल. 'पूर्वीसारखं लख्ख वाटत नाही' याला तिथे फारशी किंमत नाही. भिंत महिनाभरात उभी राहते, झाड मात्र दहा-पंधरा वर्षं इंचाइंचाने वाढतं. उजेड नेमका कधी गेला हे सिद्ध करताना भले भले वकील घामाघूम होतात. शिवाय अडथळा कळूनही वर्षभर गप्प बसलात, तर वीस वर्षांची सलगता तुटली असं धरलं जाऊ शकतं. म्हणून जुने फोटो आणि तारीख घातलेलं पत्र जपून ठेवावं.

अंगणातल्या वाळवणाला मात्र हे संरक्षण नाही. मोकळ्या जागेवरच्या उजेड-वाऱ्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही, असं तोच कायदा स्पष्ट सांगतो.

'समुद्र दिसतो म्हणून फ्लॅटला जास्त पैसे मोजले,' हाही युक्तिवाद टिकत नाही. देखावा ही आनंदाची बाब आहे, गरजेची नव्हे, असं इंग्लंडमध्ये 1610 सालीच ऑल्ड्रेडच्या खटल्यात म्हटलं गेलं. (मूळ भांडण शेजाऱ्याने पाळलेल्या डुकरांच्या दुर्गंधीचं होतं, आणि त्यात फिर्यादी जिंकला.) आपल्या कायद्यातही वीस वर्षांच्या वहिवाटीच्या कलमात उजेड-वारा आहे, देखावा नाही. शेजाऱ्याशी लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी.

सर्वांत महागात पडणारा समज हा : "फांदी माझ्या हद्दीत आली, मी तोडणार." हद्दीपलीकडे फांद्या पसरवण्याचा हक्क झाडमालकाला नाही, हे खरं. पण शहरात महाराष्ट्राचा 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आडवा येतो. झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. मुळाशी ॲसिड ओतणं, बुंध्याला भोक पाडून हिंग भरणं, गोलाकार साल सोलणं हे आळीतले 'गुपचूप' उपाय त्यातच बसतात, आणि शिक्षेत कैदेचीही तरतूद आहे. झाड स्वतःचं असलं तरी ते तोडायला आधी परवानगी लागते. झाडावर नोटीस चिकटवली जाते, हरकती मागवल्या जातात. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं ओलांडलेल्या झाडांचं संरक्षण आणखी कडक झालं आहे.

झाड घरावर कोसळण्याच्या बेतात असेल तर रस्ता निराळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मालकाला झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश ते देऊ शकतात. केवळ सावली पडते म्हणून त्यांचं दार ठोठावून उपयोग नाही.