दहा मिनिटं गाडी 'गरम' करणाऱ्यांसाठी

'थंडीचे दिवस आहेत, गाडी सुरू केली की दहा मिनिटं तशीच राहू द्यायची. इंजिन गरम झाल्याशिवाय हलवायची नाही, नाहीतर आतून घासतं.' डिसेंबर लागला की ठाण्याच्या माजिवड्यातल्या सोसायट्यांमध्ये हा सल्ला पुन्हा फिरू लागतो. वडील मुलाला सांगतात, ड्रायव्हर मालकाला सांगतो, गॅरेजवाला सगळ्यांनाच सांगतो. परिणाम सकाळी सात वाजता स्टिल्टमध्ये उतरलं की दिसतो. चार-पाच गाड्या नुसत्याच धडधडत उभ्या असतात आणि मालक वर चहा पीत असतात. गाड्या रिव्हर्स लावलेल्या असल्यामुळे सायलेन्सरची तोंडं भिंतीकडे, म्हणजे लिफ्टच्या लॉबीकडे किंवा पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली. शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं त्याच धुरात उभी. या एका समजुतीचा मला मनापासून राग येतो, कारण ती गाडीच्या काही कामाची नाही आणि माणसांना अपाय करणारी आहे.

आधी थंडीचा हिशेब करू. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा साधारण पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास असतो. एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो आणि त्याची बातमी होते. शेजारच्या मुंबईत, सांताक्रूझ वेधशाळेत, नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. गाडीचं इंजिन नीट तापलं की त्यातलं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास असतं. जुलैतल्या पावसाळी सकाळी पंचवीस अंशांवरून निघालेल्या इंजिनाला तिथं पोहोचायला पासष्ट अंश चढावे लागतात, जानेवारीत सोळा अंशांवरून चौऱ्याहत्तर. फरक नऊ अंशांचा. जुलैत कुणी दहा मिनिटं गाडी तापवत बसत नाही आणि त्यामुळे कुणाचं इंजिन बसल्याचंही ऐकिवात नाही. मग या नऊ अंशांनी असं काय मोठं बिघडतं?

'ऑइल थंडीत घट्ट होतं' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. होतं, पण कुठल्या थंडीत? ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे-३०० मानकानुसार ५डब्ल्यू ऑइल उणे तीस अंशांवर इंजिन फिरवू देण्याइतकं पातळ आहे की नाही, हे तपासलेलं असतं. ०डब्ल्यूची तीच परीक्षा उणे पस्तीसवर होते. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं जाडसर २०डब्ल्यू-४० सुद्धा उणे पंधराची परीक्षा देऊन बाजारात येतं. आपली पहाट अधिक पंधराची. म्हणजे सगळ्यात जाड ऑइलच्या मर्यादेपासूनही आपण तीस अंश दूर आहोत. सेल मारल्यावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर दिसून विझतो, याचा अर्थ पंपानं दाब धरला. त्यासाठी काही सेकंद लागतात, दहा मिनिटं नाही.

ही समजूत कुणी हवेतून काढलेली नाही, हेही सांगायला हवं. प्रीमिअर पद्मिनी, अँबॅसिडर, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसे, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागे. चोक लवकर आत ढकलला तर गाडी भर रस्त्यात फडफडून बंद पडे. त्या काळात गाडी थोडी तापू देणं शहाणपणाचंच होतं, आणि वडिलांनी ते शिकवलं यात त्यांची काहीच चूक नाही. पण १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' हे प्रदूषण मानक देशभर लागू झालं, पाठोपाठ भारत स्टेजच्या पायऱ्या आल्या आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. आता इंजिनाचं आणि हवेचं तापमान सेन्सर मोजतात आणि किती पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो. चोक ओढण्याचं काम तोच करतो, आणि माणसापेक्षा अचूक करतो. पद्मिनीच्या टॅक्सीसुद्धा २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. सवय मात्र मागे राहिली.

मग करायचं काय? गाडी सुरू करा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा आणि निघा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आणि पर्यावरण संस्थेचा वाहनचालकांना सल्ला हाच आहे: बहुतेक कंपन्या साधारण तीस सेकंदांनंतर हळुवार निघायला सांगतात आणि चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. हा सल्ला मिनेसोटा आणि मिशिगनच्या हिवाळ्यातून जाणाऱ्या देशाचा आहे. कारणही सरळ आहे. उभं इंजिन स्वतःला फिरवण्यापुरतंच इंधन जाळतं, त्यामुळे उष्णताही तेवढीच तयार होते. शिवाय गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर, शॉक अब्सॉर्बर हे सगळं उभ्या गाडीत गारच राहतं, ते चालूनच तापतं. खूण हवी असेल तर आरपीएमचा काटा बघा. सुरू होताच तो हजाराच्या वर असतो, थोड्या वेळात खाली येऊन स्थिरावतो. तेवढं थांबलात तरी पुष्कळ झालं.

काळजी घ्यायची ती पुढच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये. इंजिन गार असताना रेस द्यायची नाही, गाडी खेचायची नाही. घोडबंदर रोडनं कापूरबावडीकडे निघालात तर सकाळची गर्दीच हे पथ्य पाळायला लावते. पण गेटबाहेर पडून लगेच उड्डाणपुलावरून नाशिकच्या दिशेला लागलात, तर साकेतचा पूल ओलांडेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर बेतानं दाबा. खरं 'गरम करणं' हे आहे, आणि ते लोक नेमकं उलट करतात: दहा मिनिटं उभी ठेवतात आणि मग उशीर झाला म्हणून सुसाट सुटतात.

उभं राहण्यानं इंजिनाचा फायदा तर नाहीच, थोडं नुकसानच आहे. गार इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो. त्यातलं न जळलेलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ही अवस्था जितकी लांबवाल तितकं हे वाढतं. जळणारं पेट्रोलही फुकटचं नाही. छोट्या गाडीला ताशी अर्धाच लिटर धरला तरी दहा मिनिटांना ऐंशी मिलीलिटरच्या वर जातं, महिन्याच्या पंचवीस सकाळी मिळून दोन लिटर. एक मीटरही न चालता.

पैशांचं सोडा, धुराचं बोलू. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो विषारी वायूंचं बरंचसं रूपांतर करतो. पण तो स्वतः अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापल्यावरच नीट काम करू लागतो. म्हणजे गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं सर्वांत घाणेरडी असतात, आणि तीच आपण बंदिस्त पार्किंगमध्ये ओततो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू कमी पडतो. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं माणूस पित्तावर किंवा अपुऱ्या झोपेवर ढकलून मोकळा होतो. 'बेसमेंटला रॅम्पकडून हवा येते की' हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, घराला जोडलेल्या गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवू नका असं बजावतं. तिथं एक गाडी असते. आपल्या बेसमेंटमध्ये शंभर असतात, आणि हवा खेचणारे पंखे वीजबिल वाचवायला बंद ठेवलेले असले तर रॅम्प पुरा पडणार नाही. त्यात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर तिथंच तरंगत राहतो. वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेच्या दिवसांत आपण हा उद्योग करतो.

उघड्यावरही धोका आहे, हे न्यू जर्सीच्या पसेइक शहरातल्या घटनेनं दाखवलं. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात बाप गाडीभोवतीचं बर्फ उपसत होता. बायको आणि मुलं गारठू नयेत म्हणून त्यानं त्यांना गाडी चालू करून आत बसवलं होतं. सायलेन्सर बर्फानं बुजला होता. बाहेर पडायची वाट न मिळालेला वायू गाडीत शिरला आणि आई व मुलं त्यात गेली. न्यू जर्सी, टोरांटो, शिकागोकडे मुलं स्थायिक असलेली कितीतरी घरं ठाण्यात आहेत. रिमोटवर गाडी सुरू करण्याची सोय तिकडे घरोघरी असते. त्यांना एवढं जरूर सांगा: आधी सायलेन्सर मोकळा करायचा, मग चावी.

आणि मालक वर, गाडी खाली चालू, हे प्रकरण सोसायटीबाहेर रस्त्यावर घडत असेल तर ते बेकायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६: सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

ठाण्यातल्या हिवाळी सकाळची खरी अडचण इंजिनाची नसून काचेची आहे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. खाडीकडची ओल, आत बसलेल्या चौघांचे श्वास, काच गार. पुढची काच आतून धूसर होते. लोक हातानं किंवा फडक्यानं एक भोक पुसतात आणि त्यातून बघत निघतात. हाताचा तेलकटपणा काचेला लागतो आणि दुसऱ्या दिवशी धुकं आणखी धरतं. 'थंडीत एसी कशाला' म्हणून एसीचं बटण कुणी दाबत नाही, पण हवेतलं पाणी काढून घेतो तो एसीच. ब्लोअर पुढच्या काचेवर घ्या, एसी चालू करा, तापमानाची कळ गरमकडे वळवा आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद करून बाहेरची कोरडी हवा येऊ द्या. काच मिनिटाभरात निवळू लागते. धुकं काचेच्या बाहेरून असेल तर वायपर फिरवा. पावसाळ्यात एसीनं काच फार गार झाल्यानं जे बाहेरून साचतं, त्यावर एसी कमी करणं हा उपाय. मागच्या काचेवरच्या बारीक रेषा विजेच्या तारा आहेत, त्या नखानं खरवडू नका.

बाकीचे समज थोडक्यात.

'सायलेन्सरमधून पाणी ठिबकतंय, म्हणजे इंजिनात पाणी गेलं.' नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाइप गार असेपर्यंत ते ठिबकतं, तापला की वाफ होऊन जातं. पांढरी वाफ गाडी तापल्यावरही थांबली नाही, तरच गॅरेज गाठा.

'सीएनजीवर सकाळी गाडी उभी तापवावीच लागते.' बहुतेक गाड्या आपणहून पेट्रोलवर सुरू होतात आणि योग्य वेळी सीएनजीवर जातात. त्यासाठी थांबायला नको.

'आठवडाभर गाडी काढली नाही, तर खाली जाऊन दहा मिनिटं चालू केली की बॅटरी चार्ज होते.' सेल मारायला खर्च झालेली वीज जेमतेम भरून निघते. अर्धा तास फिरवून आणा.

'थंडीत डिझेल गोठतं.' लडाखमध्ये गोठतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथं आणलं. घोडबंदर रोडला नाही.

दुचाकीला मात्र अपवाद द्यायला हवा. २०२० च्या भारत स्टेज-६ च्या आधीच्या बहुतेक स्कूटर-मोटरसायकलींना कार्ब्युरेटरच आहे. त्यांना चोक देऊन अर्धा-एक मिनिट थांबणं रास्त आहे, पण जिन्याखाली नाही, बाहेर.

शेवटचा समज सहलीचा आहे. 'काचेवर बर्फ जमलं तर गरम पाणी ओतायचं.' महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे गाड्यांच्या टपावर, काचांवर दव गोठतं. तिथं मुक्कामी गेलेल्यांना हॉटेलातून गरम पाण्याची बादली आणायचा मोह होतो. गोठलेल्या काचेवर ते पाणी पडलं की वरचा थर एकदम प्रसरण पावतो, खालचा गारच असतो. खडी उडून पडलेला एखादा बारीकसा टवका असेल तर तिथून काच तडकत जाते. इथं मात्र गाडी तीन-चार मिनिटं उभी चालू ठेवायला माझी हरकत नाही: मोकळ्या जागेत, चालक आत बसलेला, ब्लोअर काचेकडे. सुटलेला थर प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं काढा. वायपर काचेला चिकटले असतील तर ते आधी हातानं सोडवा, नाहीतर रबर फाटतं आणि मोटर जळण्याचीही भीती असते.