तार संपते तिथून पुढे

नवी मुंबईतल्या एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारातली गोणी ट्रकमधून उतरते, रेल्वेतून नाही. शेजारच्या तुर्भे स्थानकात लोकल २५ हजार व्होल्टच्या तारेखालून धावते. आता रेल्वे जवळपास सगळी विजेवर आली, मग वीज आणि डिझेल अशा दोन्हींवर चालणारं इंजिन कशाला, असं कुणीही म्हणेल. पण असं इंजिन म्हणजे एका सांगाड्यात कोंबलेली दोन इंजिनं, ही समजूतच आधी चुकीची आहे. मुख्य मार्गावरचं डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवतं आणि तयार झालेली वीज धुऱ्यांवरच्या मोटरना जाते. विजेच्या इंजिनातही तशाच मोटर असतात, फक्त वीज वरच्या तारेतून येते. म्हणजे ओढणारा हात एकच, रसद दोन ठिकाणची. मुंबईकरांचा इथे आणखी एक घोळ होतो. डीसी आणि एसी अशा दोन्ही विजेवर चालणारी डब्ल्यूकॅम इंजिनं इथे वर्षानुवर्षं होती, पण त्यांत डिझेलचा थेंबही नव्हता. २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची १,५०० व्होल्ट डीसी वीज गेली आणि त्यांच्या दुहेरीपणाचं कामच संपलं.

वीज आणि डिझेल या दोन्हींची ताकद सारखी असायला हवी, हाही गैरसमजच. ब्रिटनमध्ये १९६२ पासून आलेलं क्लास ७३ विजेवर १,६०० अश्वशक्तीचं, डिझेलवर फक्त ६०० चं. अलीकडचं क्लास ८८ तारेखाली ४ मेगावॅट देतं, तारेबाहेर ०.७. कारण डिझेलचं काम शेवटच्या टप्प्यापुरतंच. उघड्या वाघिणीत क्रेनने किंवा माणसांनी वरून माल चढवायचा-उतरवायचा असेल, तिथे डोक्यावर २५ हजार व्होल्ट ठेवता येत नाहीत. म्हणून मार्ग विजेवर आला तरी मालधक्क्याची साइडिंग बहुधा बिनतारेची राहते. वाराणसीच्या कारखान्याने डब्ल्यूडीएपी-५ हे दुहेरी इंजिन बनवलं, पण त्यात डिझेलही मुख्य मार्गावर गाडी ओढण्याइतकं दणकट ठेवलं. माझ्या मते गरज नेमकी उलटी होती.

यावर रास्त आक्षेप असा, की शेकडो किलोमीटर बिनकामाचं डिझेल यंत्र वाहून न्यायचं कशाला? धक्क्यावर शंटिंगचं एक इंजिन उभं ठेवा. जिथे दिवसाला मालगाडीचे अनेक रेक लागतात तिथे हेच शहाणपणाचं. पण चार दिवसांतून एखादा रेक येणाऱ्या धक्क्यावर ते इंजिन आणि त्याचे कर्मचारी बहुतेक वेळ रिकामेच बसतात. तिथे काही टन जादा वजन स्वस्त पडतं.

मात्र या इंजिनामुळे लासलगावचा कांदा रेल्वेने गाळ्यापर्यंत येईल, अशी आशा कुणी धरू नये. ट्रक शेतातून निघतो तो थेट गाळ्यासमोर लागतो. गाडी कितीही आत आली तरी धक्क्यापाशी गोणी वाघिणीतून उतरणार, पुन्हा टेम्पोत चढणार, बाजारात पुन्हा उतरणार, आणि माथाडींची वाराई, म्हणजे हमाली, प्रत्येक वेळी द्यावी लागणार. तो खर्च इंजिन वाचवू शकत नाही.