रेकॉर्डिंगमधली घरघर आणि दबका आवाज

• भारतात घरची वीज 50 हर्ट्झची; विजेची घरघर 50 आणि 100 हर्ट्झवर ऐकू येते. अमेरिकेत 60 आणि 120वर.

• ग्राउंड लूप : दोन उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेली की तयार होणारं वेटोळं. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली, तर दोष तिथेच. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. प्लगची जाड अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका. शॉकपासून तीच वाचवते.

• एक्सएलआर केबलमध्ये सिग्नल दोन तारांवर सुलट-उलट जातो. वाटेत शिरलेली घरघर पुढे वजा होते.

• आवाज दबका? स्टुडिओतल्या बहुतेक कंडेन्सर माइकना 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते. डायनॅमिक माइकना ती लागत नाही, पण गेन (सिग्नलची वाढ) भरपूर लागतो.

• पातळी : सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा.