वकील, पत्रे आणि फितुरीचा आरोप

एका राज्याचा दुसऱ्या राज्याच्या दरबारी राहणारा अधिकृत प्रतिनिधी, म्हणजे वकील, आणि गुप्त बातम्या काढणारा हेर यांच्यातील सीमारेषा मराठेशाहीत आणि नंतरही फार पुसट होती. ती कोठे आखायची हे बहुधा बलवत्तर पक्षच ठरवीत असे. याचा एक दाखला थेट वाशीमच्या इतिहासाशी जोडलेला आहे. २३ मार्च १७६९ रोजी माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात झालेल्या कनकापूरच्या तहात वाशीम व बाळापूर येथील कापड भोसल्यांनी दरसाल पेशव्यांना द्यावे असे कलम होते. त्याच तहाने भोसल्यांना दिल्लीचा बादशहा, इंग्रज आणि इतर सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करण्याची मनाई केली आणि निजामाच्या दरबारी किंवा ओरिसात इंग्रजांकडे त्यांचा वकील राहिलाच, तर त्याने महसुलापलीकडे लक्ष घालू नये असे बजावले.

पन्नास वर्षांनी नेमके हेच शस्त्र इंग्रजांनी साताऱ्यावर वापरले. पेशवाई बुडाल्यानंतर प्रतापसिंह छत्रपतींशी २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहाच्या पाचव्या कलमानुसार, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारच्या मध्यस्थीवाचून कोणत्याही परसत्तेशी वा संस्थानिकाशी संबंध ठेवणे हा तहभंग ठरला. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा राजकीय प्रतिनिधी, मात्र राजवाड्यातील हालचालींची बित्तंबातमी ठेवीत होता, आणि त्याच्या या कामाला कोणी हेरगिरी म्हणत नव्हते. हा पक्षपात ध्यानात घेतल्याखेरीज पुढील प्रकरण समजत नाही.

१८३६ मध्ये नेमलेल्या गुप्त चौकशी समितीपुढे आणि त्यानंतरच्या तपासात छत्रपतींवर तीन आरोप उभे राहिले: कंपनीच्या देशी पलटणीतील सुभेदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधणे आणि जोधपूरला आश्रयास असलेल्या नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त पत्रव्यवहार करणे. यांपैकी तिसरा आरोप सर्वांत केविलवाणा म्हटला पाहिजे, कारण राज्य, फौज आणि पैसा गमावून दुसऱ्याच्या आश्रयाने दिवस कंठणाऱ्या माणसाच्या जोरावर कोणी कंपनीचे राज्य उलथील हे संभवत नाही. पुराव्यादाखल पुढे आलेली पत्रे व शिक्के बनावट असल्याचे साताऱ्याच्या पक्षाने निक्षून सांगितले. चौकशी समितीवर बसलेले रेसिडेंट लॉडविक यांनीही पुढे इंग्लंडमध्ये छत्रपतींची बाजू उघडपणे घेतली. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले आणि तहभंगाची कबुली लिहून दिल्यास गादी राखता येईल असे त्यांनी सुचवले; प्रतापसिंहांनी त्या कागदावर सही करण्याचे नाकारले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीस पाठवण्यात आले.

या अन्यायाविरुद्ध दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते हे छत्रपतींचे वकील म्हणून लंडनला गेले. सुमारे तेरा वर्षे ते तेथे राहिले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेपुढे आणि पार्लमेंटपुढे त्यांनी गाऱ्हाणी मांडली, इंग्रजीत पत्रके छापून वाटली आणि जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारख्या ब्रिटिश राजकारण्यांचा पाठिंबा मिळवला. कायद्याच्या मार्गावर एवढी चिकाटी दाखवणारा वकील त्या काळात विरळाच. पण १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीस वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जागी बसवलेले शहाजी निपुत्रिक निवर्तताच गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. १८५३ मध्ये, म्हणजे रंगो बापूजी हताश होऊन परतीच्या वाटेला लागले त्याच वर्षी, २१ मे रोजी झालेल्या निजामाबरोबरच्या तहाने वाशीमसह वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले आणि डिसेंबरात नागपूरकर तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनाने नागपूर खालसा करण्याचीही वाट मोकळी झाली.

अर्ज-विनंत्यांचा उपयोग नाही हे लंडनमध्येच पुरते कळून चुकलेल्या रंगो बापूजींनी १८५७ च्या उठावात साताऱ्याभोवती गुप्तपणे माणसे जमवली. खजिना लुटणे, तुरुंगातील कैदी सोडवणे आणि गादी परत मिळवणे हा बेत होता. ज्या फितुरीचा आळ त्यांच्या धन्यावर घेतला गेला होता, तीच आता त्यांनी उघड्या डोळ्यांनी पत्करली, आणि तिचे उत्तरदायित्व तेरा वर्षे त्यांच्या अर्जांकडे पाठ फिरवणाऱ्यांवरही येते.

बेत आधीच फुटला. ऑगस्टमध्ये छत्रपतींच्या कुटुंबीयांना साताऱ्यातून हलवण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला: कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळी, त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीतारामही होते. रंगो बापूजींना पकडण्यासाठी सरकारने इनाम लावले, पण ते अखेरपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.